कठड्याचा पिवळा

वारा सरोवराकडून फिरेल हे मला कळायला हवं होतं.
चौतीस वर्षं खनिजाच्या धक्क्यावर काढली,
बोटी कुणीकडे तोंड करून थांबतात ते बघत.
तरी मंगळवारी स्प्रेगन भाड्यानं आणली
आणि आयलीसाठी बांधलेल्या उताराचा कठडा रंगवायला घेतला.
दुकानातला पोरगा राखाडी घ्या म्हणाला, घराला शोभेल.
शोभेचं राहू दे, म्हटलं.
तिला आता कडेकडेचं दिसतं, मधलं सगळं पुसलेलं.
पिवळा त्यातल्या त्यात दिसतो.

गाडी वाऱ्याच्या वाटेत होती. निळी ब्यूक.
आधी वाटलं पाइनचा पराग, जूनमध्ये पडतोच.
पाइप मारला. पराग हलला नाही.

शेजारची मार्लिस म्हणाली, हातात प्लास्टिकची पिशवी घाल, मग फिरव.
उघड्या हाताला जे लागत नाही
ते पिशवीतून लागतं. का, ते तिला माहीत नाही.
पावाची पिशवी चढवली, बॉनेटवरून हात नेला
आणि अंगावर काटा आला.
सबंध गाडी वाळूच्या कागदासारखी.

थिनरचा डबा उचलला, परत ठेवला.
त्याला घरचा रंग आणि उपरा रंग यांतला फरक कळत नाही.

मग साबणाचं पाणी, आणि क्लेची वडी.
मळायची, चपटी करायची, ओल्यावर सरकवायची.
जोर लावायचा नाही.
(हे मला सांगून सांगून आजवर बरेच जण थकले.)
वडी आधी कुरकुरते, अडखळते,
मग एकाएकी गप्प होते. गप्प झाली की निघालं.
पिवळं झालेलं आत दुमडायचं, पुन्हा मळायचं.
एक वडी हातातून निसटून खडीत पडली.
ती फेकायची. एक खडा, आणि दारभर चरे.

चार संध्याकाळी गेल्या.
टपावर हात पोचत होता, नजर पोचत नव्हती.
तेवढा भाग डोळे मिटूनच केला.

शनिवारी आयली घरी आली.
कठडा धरून वर गेली, काही बोलली नाही.
रविवारी चर्चला निघताना
मागच्या दिव्यापासून गाडीवर हात टेकवत पुढं आली,
नेहमीसारखी.
मुठीपाशी थांबली. दोन बोटं मागं गेली.
"इथं काय आहे?"
"कुठं?"
"मुठीच्या खाली. मोहरीएवढं. तीनचार."
मी खिशातून वडी काढली.
"रंग कुठला?"
"कठड्याचा."
तिनं पुन्हा चाचपलं, सावकाश,
कुणाचं तरी नाव आठवावं तसं.
"मग राहू दे," म्हणाली, आणि दार उघडलं.
पहिल्या झटक्यात, न शोधता.

मी गाडी काढली.
एक हात चाकावर होता.
दुसरा चर्च येईपर्यंत
वडी मळत राहिला.