उजवा काठ

मे महिना. मेडिकलची खोली नंबर अकरा.
कूलरमधलं पाणी बाराच्या आतच संपलं,
जेलची बाटली हाताला कोमट लागते.
सकाळपासून सदतीस छात्या झाल्या, हे अडतिसावे:
लहानूजी निखारे, वय बहात्तर, राहणार टिमकी,
उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू, फिटनेससाठी.

बनियन वर करताना म्हणाले, "गार नोको लावू, पोरी."
गार इथं आहे काय?
हातापायांना चार चिमटे, छातीवर सहा रबरी फुगे,
आणि यंत्र किरकिरत कागद सोडू लागलं.

पहिल्या फुग्याच्या रेघेपाशी मी थांबले.
तिथं एक बारकं टोक असतं, मग खोल उतार, बस्स.
इथं उतारानंतर पुन्हा चढण,
पहिल्या टोकाहून उंच.
आमच्यात याला सशाचे कान म्हणतात.
फुगा एक फासळी वर बसला
तरी कधी कधी खोटा कान उगवतो,
म्हणून काढला, छातीच्या हाडाच्या उजव्या कडेनं
बोटानं फासळ्या मोजत
चौथ्या फटीत पुन्हा लावला.
ससा हलला नाही.
सहाव्या रेघेतला शेवटचा उतारही रेंगाळलेला,
निघतो निघतो म्हणत दारात उभ्या पाहुण्यासारखा.
बारकी घरं मोजली.
अडीच घरांत आटपायचं ते साडेतीनांवर गेलेलं.

"आरबीबीबी," उईके मॅडम उभ्याउभ्याच म्हणाल्या.
"आधीचा ईसीजी आहे?"
"डाव्या डोयाच्या वक्ती शिबिरात कोनी काहाडलाच नाई."
छातीत दुखतं? दम लागतो? कधी चक्कर येऊन पडलात?
"पडलो ना. सायकलवरून. गोळीबार चौकात."
मॅडम हसल्या, इको लिहून दिला, वॉर्डाकडे गेल्या.

कागद त्यांनी मागून घेतला.
डाव्या, नव्या डोळ्यापुढे धरला,
नखानं रेघ चाचपत नेली.
"हे तं करवती होय," म्हणाले.
"अशाच घरांच्या कागदावर किनार काहाडत होतो आमी.
दात सारखे पायजे. हा दुसरा कोनं मोठा केला?"

मी सांगितलं, मला येतं तसं:
वरून निरोप येतो, खाली त्याला दोन वाटा फुटतात.
तुमची उजवी वाट बंद आहे.
डावीकडे निरोप वेळेवर पोचतो,
मग तिथूनच, या घरून त्या घरी,
एकानं दुसऱ्याला सांगत उजवीकडे सरकतो.
पोचतो. पण उशिरा.
तेवढ्या उशिराचा हा दात.

बराच वेळ बोलले नाहीत.
छातीवर उमटलेले सहा गोल वळ
कापसानं पुसून घेतले.
"करवतीले दोन मानसं लागते, बाई. तीन धोटे.
डाव्या काठावर मी, उजव्यावर थे बसे.
शेवंता गेली तवा अर्धं लुगडं मागावर होतं.
मंग काय! डावीकडून धोटा टाका, उठा,
मागाले वळसा घाला, तिकडं जा,
धागा अडकवा, परत या.
चार महिने लागले.
किनार सुटली नाई पन."

"गिऱ्हाइकाला कळलं?"
"त्याले काय कळते? मले कळे.
कुठून थे नाई, थे बोटावर कळे."

बाहेर एकोणचाळीस नंबर दारावर टकटक करतोय.
भिंतीवर लिहिलंय: कागद जपून वापरा.
मी त्यांना पुन्हा आडवं केलं,
पहिला फुगा लावला
आणि तेवढी एकच रेघ, हातभर, सोडली.

त्यांनी ती मांडीवर पसरली,
काठाला काठ लावून
घडी घातली.