शून्य व्होल्ट

गंगापूर रोडच्या प्रयोगशाळेत
साडेचारला वीज गेली.
शकील चिकटपट्टीने स्फटिक सोलतच राहिला,
पापुद्र्याखालचा पापुद्रा,
दिसेनासा होईपर्यंत.
‘लासलगावचा हात आहे,’ म्हणाला.

मी चकती खिडकीत धरली.
दोन तारा, केसाएवढ्या. मागे सेल नाही, काही नाही.
मीटरला बॅटरी होती;
हिला फक्त खिडकी.

सूर्य धरणाकडे कललेला.
डोक्यावरच्या आभाळाचा उजेड
एकाच अंगाने थरथरतो,
हे माझ्या डोळ्यांनी
चाळीस वर्षांत मला सांगितलं नव्हतं.
चकती फिरवली, आकडा चढला.
पाव फेरा आणखी: उतरला,
जवळजवळ मुका.
पुन्हा फिरवली.

‘मॅडम, लाइट आली.’
‘थांब. दिवे नको लावूस.’