उलटा ठोका

बंद काजू-कारखान्याचं कुलूप
बाबलने किल्लीने नाही, पान्याने उघडलं.
आत टरफलांच्या तेलाचा जुना वास,
भिंतीवर खडूने लिहिलेला सोलणीचा दर,
आणि मधोमध आम्ही पाच जण,
परक्या लग्नात ओळखीचं कोणी शोधावं
तसे एकमेकांकडे बघत.

सव्वीस वर्षं.
हाशमचे केस गेले, इनासचे दात.
प्रभा आरोलकर बँकेत शाखाधिकारी.
बाबल गिरप नवाबागेत होड्यांची मशिनं दुरुस्त करतो
आणि करताना अजून
पाना टाकीवर दोनदा आपटतो, तिसऱ्यांदा थांबतो.
मी पुण्यात विमा विकला.
त्याविषयी जास्त लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा हाशमचा मामू जहाजावर इंजिनात होता.
ब्रिस्टलहून त्याने एक कॅसेट आणली,
तिच्यावर नाव नव्हतं, मिठाचा डाग होता.
आत कर्णे होते, आमच्या चर्चच्या फेस्तासारखे,
पण गिटार
सगळे टाळी देतात तिथे गप्प,
सगळे श्वास घेतात तिथे वाजणारी.
इनास म्हणाला, "ह्यां कोणीतरी चुकान वाजवलां."
प्रभा म्हणाली, "मगे आपणय चुकया."

चुकलो. तीन वर्षं, पद्धतशीर.
काळ्यापांढऱ्या चौकड्यांच्या लुंग्या, नाव तिरके बांगडे.
उभादांड्याच्या फेस्ताला वाजवलं, एका बारशाला,
आणि एकदा मच्छीमार सोसायटीच्या सभेत,
जिथे अध्यक्षांनी मध्येच माइक ओढून
डिझेलचा ठराव मंजूर करून घेतला
आणि आम्ही थांबलो नाही.

मग मी अॅम्प्लिफायर विकला.
पाच जणांचा होता.
कुडाळच्या एका भजनी मंडळाने घेतला,
त्यातून गाडीभाडं निघालं, खोलीचं डिपॉझिट.
कोणाला सांगितलं नाही.
या खेपेला पहिल्याच संध्याकाळी
तार लावता लावता सांगितलं.
कणकवलीपासून घोकत आणलेलं वाक्य
अर्ध्यात तुटलं.
बाबलने काठ्या मांडीवर ठेवल्या.
"किती इले?"
"अठराशे."
"कमी इले," म्हणाला,
आणि एक दोन तीन चार.

रात्री मी म्हटलं, ही सव्वीस वर्षं म्हणजे
एक लांबलेला उलटा ठोकाच की,
सगळे वाजत होते तेव्हा आपण गप्प.
हाशम म्हणाला, "कविता करू नको. मोज."

नवीन गाणी चार.
एक रात्री दिवे पाजळून समुद्र खरवडणाऱ्या बोटींवर,
शिव्यांसकट.
एक बँकेतल्या टोकनच्या यंत्रावर.
एक मामूवर, ज्याने म्हातारपणी
पायरीवर बसून पाण्याकडे पाठ केली ती केलीच.
चौथ्यात शब्द व्हायचे होते, झाले नाहीत.
प्रभा पूर्वी ओरडायची,
आता रागावते. फरक मोठा आहे.
दुसऱ्या कडव्यात तिला ठसका लागला,
तो ठेवलाय.

बुधवारी बाबलच्या पुतणीने
ती फोनवरून जगात सोडली,
एका बोटाने. दुसऱ्या हातात चहा.
आम्ही पाच माणसं तिच्यामागे उभी,
जणू नाव पाण्यात ढकलायची आहे.
"झालं," ती म्हणाली.
आम्ही आणखी थोडा वेळ उभेच राहिलो.

शुक्रवारपर्यंत एकसष्ट वेळा वाजलं.
त्यातले बावीस आम्हीच.
पण शनिवारी बंदरावर बर्फाच्या टेम्पोत लागलं होतं,
आणि लिलावातून जानकी तांडेल ओरडली,
"बंद कर मेल्या, भाव आयकाक येना!"
इनास दिवसभर खूश.

तिसरं गाणं संपल्यावर
लगेच पुढे गेला नाहीत तर
टिंग असा एक आवाज आहे.
पुतणी म्हणाली, काढून टाकते.
इनासने कवळी स्टीलच्या पेल्यात सोडली, तो.
हाशमने मोजून बघितलं,
ठोक्यावर नाही,
दोन ठोक्यांच्या मध्येही नाही.
जरा उशिरा आहे.
राहू दे म्हटलं.