तहकूब

दवंडी मीच देतो. आता भोंग्यावरून,
घंटागाडीचं गाणं संपलं की.
शाळेच्या ओट्यावर सतरंजी मीच अंथरतो
आणि अकरा वाजता मीच गुंडाळतो.
नियम पाठ आहे:
शंभर माणसं नसली तर ग्रामसभा तहकूब,
आणि तहकूब सभेला माणसं लागतच नाहीत.

मग ठरावबुक काखेत, सायकल, घरोघर.
बायका भाकरी थापता थापता सह्या करतात.
चौदा वर्षांच्या पानांना
कळण्याच्या पिठाचा वास आहे.
वर काय लिहिलंय, कुणी विचारलं नव्हतं.

यंदा नाल्यापल्याडची केसरबाई
मिरच्यांची देठं खुडत होती. म्हणाली,
‘हात तिखट शेतस. पहिले वाची दखाड.’

वाचलं. उंबऱ्यात, उभ्यानं.
गावाच्या नावाची कमान, तीन लाख चाळीस हजार.
सिमेंटची बाकडी.
दिवे. पुन्हा दिवे.
‘आन् नालावरनी फरशी?’
ती नव्हती त्यात.
‘सगळा मिळीसन पैसा कितला शे?’
आकडा मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो.
एवढी शून्यं बाहेर पडताना घसा धरला,
मिरचीचा खकाणाही असेल.
तिनं सही केली नाही.
‘तठेच ईसन करसू.’

दहाला सात जण. साडेदहाला नऊ,
त्यातला एक सरपंचांचा ड्रायव्हर.
अकराला ग्रामसेवकांनी मान हलवली,
मी सतरंजीचा कोपरा धरला
तर तो उचलेना.
कोपऱ्यावर बायका बसलेल्या,
लाल बोटांच्या, चपला मांडीखाली घेऊन.
मोज, म्हणाले. मोजल्या.
परत मोज, म्हणाले.
तोवर आणखी आल्या.

‘कमान कोनासाठे? आम्ही तं नालामाईन येतस.’
एसटीतून रिटायर झालेल्या हिलालअप्पांनी
दिव्यांचं बिल मागितलं,
तिकिटं तपासावी तसं उजेडात धरलं.
बराच वेळ कुणी खोकलंही नाही.

फरशीला पैसे पुरले नाहीत.
पाइप मंजूर झाले, दोन.
कमान रद्द नाही, पुढच्या वर्षावर ढकलली;
तेव्हा मी पुन्हा दवंडी देईन.

संध्याकाळी सतरंजी झटकली तर
मिरचीचं बी उडालं.
शिंकत शिंकत लिहिलं:
सूचक, केसरबाई उखा मोरे.
अनुमोदकाच्या रकान्यात
एकाच नावापुरती जागा असते छापील.
बाकीची मी समासात लिहिली,
मग पानाच्या मागे.