एक किलो एचएमटी

मे महिन्यात कूलर सुरू झाला
की आमच्या बोर्डांवर कथलाची पुरळ उठायची.
मोहरीहून बारीक गोळे,
चिपच्या दोन पायांमध्ये जाऊन बसलेले,
आणि तिकडे मोर्शीत कुणाचा तरी सौरपंप
भर दुपारी बंद.

मी मशीनला शिव्या दिल्या. चेन्नईच्या सप्लायरला दिल्या.
सेहेचाळीस अंशांच्या उन्हाला दिल्या, ते तर सोसतंच.
करुणा गेडाम गप्प होती.
तिने फ्रिजमधून पेस्टची डबी काढली,
तळहातावर धरली आणि नुसती पाहत बसली.
‘सर, इले घाम येते.’

दुसऱ्या दिवशी घरून पितळी डबा आणला,
आत कढईत कोरडे भाजलेले तांदूळ.
तांदळात डबी गळ्यापर्यंत पुरली.
‘चार तास कोनी हात लावाचा नाही.’
पुरळ गेली.

मी शहाणा. त्याच संध्याकाळी
स्टॅम्पपेपरवर अकरा जणांच्या सह्या घेतल्या :
इथलं इथेच राहील.
करुणानं सही केली, पेनाचं टोपण लावलं,
‘तांदूळ बी लिहा लागन का याच्यात?’

पंधरा दिवसांत वानाडोंगरीच्या नाक्यावर
जैस्वाल किराणावाल्यानं मला थांबवलं.
‘काहून जी, तुमी बोर्डवाले
कारखान्यात भात शिजवाले लागले का?
पराते एक किलो, बोंदरे एक किलो,
थे ड्रोनवाले नवे पोट्टे दोन किलो.
अन् सगळ्यायले एचएमटीच पाहिजे,
कनी दाखवली तं नाक मुरडते!’

कोण बोललं?
रात्रभर मनात एकेकाला उभं केलं.
शकीलचा टेम्पो, सगळ्यांचा माल त्याच्याच गाडीत.
करुणाची जाऊ परातेंकडे पॅकिंगला.
आणि चाचणीभट्टी तर अख्ख्या हिंगण्यात भाड्याने एकच,
तिच्याबाहेर तो लाकडी बाक,
जिथे आम्ही मालक लोक
आपापले बोर्ड मांडीवर घेऊन नंबराची वाट पाहतो
आणि दुसऱ्याच्या मांडीकडे
न बघितल्यासारखं बघतो.
त्या बाकावर माझे बोर्ड त्या आठवड्यात
फार स्वच्छ होते.
म्हणजे मीही बोललो होतो.

तरी भांडायला म्हणून परातेंकडे गेलो.
टेबलावर तांदूळ नव्हते.
डबीला रबरबँडनं कागद बांधलेला :
काढली, सात पन्नास.
उघडायची, अकरा पन्नास.
खाली सही.
‘आठवडाभर तांदळात ठेवली, आठवडाभर तशीच,’
पराते चहा ओतत म्हणाले,
‘काही फरक नाही हो. खोलीइतकी गरम होईपर्यंत
झाकण उघडायचं नाही, एवढंच आहे सगळं.
तांदूळ फक्त आपला हात धरतात.’
आणि तो कागद त्यांनी
मला झेरॉक्स काढून दिला.
माझंच होतं ते, आणि माझं नव्हतंच.

परतताना खापेकर आठवले,
सीताबर्डीच्या जिन्याखालचे, टीव्ही दुरुस्त करणारे.
पगार न घेता मी वर्षभर त्यांच्या पाठीशी उभा राहायचो.
ते कधी काही शिकवत नसत.
फक्त डाग द्यायच्या आधी
टेबललॅम्पची मान
चार बोटं माझ्याकडे वळवत.
त्या चार बोटांच्या उजेडाचा
मी कुठला स्टॅम्पपेपर केला होता?

करुणाला कागद दाखवला.
तिने वाचला, घडी केली, परत दिला.
‘हाव, मले वाटलंच होतं थे.
पन तांदूळ नसते, सर,
तं तुमी थांबले असते का चार तास?’

आता आमच्याकडे तीच वेळ लिहिते, तीच सही करते.
पितळी डबा तिनं घरी नेला.
ड्रोनवाल्या पोट्ट्यांकडे अजून तांदूळच आहेत,
बाकावर भेटले की सांगीन.

जैस्वालनं एचएमटी किलोमागे चार रुपयांनी वाढवला.
त्याला कुणी
काही सांगितलेलं दिसत नाही.