खिशातले हात

गुद्रुन पहिल्यांदा घरी आली
तेव्हा तिने तोर्युसच्या आधी माझे हात पाहिले.
मासे चिरून चिरून राठ झालेले,
सदा घाईतले.
"सकाळी कोटाची चेन कोण लावतं?"
मीच. सात-चाळीसची बस असते,
आणि वार्डोतला वारा कुणासाठी थांबत नाही.

तिने जाळ्याच्या दोरीचा तुकडा मागितला, निळा.
चेनीत ओवून गाठ मारली.
मग मला म्हणाली,
"आता तुम्ही हात खिशात घाला."

पोराची थेरपी म्हणून बोलावलं होतं तिला.

तो हिरवा गोळा चिमटत राहिला महिनाभर,
त्यात दडवलेली नाणी उकरून काढत.
शाळेत खुर्चीच्या पायांना रबरी पट्टा बांधला,
लाथा मारायला.
पेन्सिल अजून मुठीतच असते. कागद फाटतो.

रोज सकाळी मी दारात उभा.
पिन खाचेत जाते,
निसटते.
बस गेली.
खिशात माझी बोटं चेन लावतायत,
काहीच नसताना.

मंगळवारी शाळेतून फोन.
मधल्या सुट्टीत सगळी बर्फात,
हा एकटा खुंट्यांखाली बसलेला.
बाईंनी हात लावला नाही.
हनुवटीपर्यंत चेन पोचली तेव्हा घंटा होऊन गेलेली,
मुलं टोप्या झटकत आत येत होती,
आणि हा त्यांच्यातून वाट काढत बाहेर.

"मग?"
"मी दार धरून ठेवलं," बाई म्हणाल्या.
"अंधारात उभा राहिला जरा वेळ. खेळला नाही काही.

आता वर्गात बसलाय कोट घालून.
कुणाला चेन उघडू देत नाही."