जाड, तिरपं

सलमाबादच्या वर्कशॉपात माझं टेबल एसीखाली.
मागे कुंजुमोन ॲक्रिलिक कापतो,
त्याचा भुसा माझ्या चहावर साय धरतो.
माझं काम : अक्षर जाड करायचं आणि कलतं करायचं.

टायरवाल्याला जाड तिरपंच हवं.
कार्गोवाल्याला, सेलवाल्याला,
पहाटे दोनपर्यंत उघड्या करक चहावाल्याला,
फुटबॉल क्लबच्या बसला.
ताशी शंभरने जाणाऱ्या माणसाला
दीड सेकंदात वाचता आलं पाहिजे,
आणि वाटलं पाहिजे
की दुकानही त्याच्या बाजूने पळतंय.

दवाखान्याला मी हे देत नाही.
एकदा कुणी कबरस्तानाच्या फाटकासाठी मागितलं होतं.
उस्ताद मुहसिन नुसते चष्म्यावरून बघत राहिले,
गिऱ्हाईक आपणहून म्हणालं, साधं करा.

लोकांना वाटतं सरळ अक्षर ढकललं की तिरपं होतं.
ढकलून बघा.
इंग्रजी ओचं चेपलेलं अंडं होतं,
एस उलटी आल्यासारखा वाकतो,
सगळी जाडी एका खांद्यावर जाऊन बसते.
बारा अंश कल द्यायचा आणि मग
एकेक वळण हाताने पुन्हा उभं करायचं,
पोटातला पांढरा जपायचा.
जाड होताना अक्षर आधी स्वतःचं पोट खातं,
लांबून मग नुसता डाग दिसतो.

उस्तादांचं अरबी उजवीकडून निघतं
म्हणून डावीकडे झुकतं.
बोर्डाच्या डाव्या अंगाला इंग्रजी, उजव्या अंगाला अरबी,
दोघं मधल्या जागेकडे वाकलेली,
जशी दोन वयस्कर माणसं
तिसऱ्याच्या आजाराबद्दल हळू बोलताहेत.
मध्ये लोगो. बहुतेक वेळा कोंबडी.

मार्चमध्ये पद्माकर साटम आले,
गुदैबियात गाळा घेतलेला.
म्हणाले, मराठीपण टाका. त्याच स्टाईलमध्ये.
पोळीभाजी केंद्र.

सतरा वर्षांत पहिल्यांदा
माझ्या भाषेने माझ्याकडे काम आणलं
आणि माझ्याकडे तिला द्यायला अक्षर नव्हतं.
कॉम्प्युटरने ढकललं तेव्हा
पो, ळी, भा, जी एकामागे एक घसरले,
जिन्यावरून पातेली जावीत तसे.

त्या दुपारी शमाल सुटला.
गच्चीवर तारेला कामगारांचे डांगरी डगले,
वर चिमटे जागच्या जागी,
खालचे पाय सगळे एका बाजूला उडालेले.
तोंडात वाळू येईपर्यंत बघत उभी राहिले.
इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं राहून डोकं पुढे काढतं.
आपलं वरून टांगलेलं.
त्याचे पाय मागे राहतात.

मग शिरोरेघ आडवी, जाड, ताणलेली ठेवली.
काने खाली निमुळते सोडले.
ळची दोन पोटं मोकळी ठेवायला चार दिवस गेले.
केंद्रावरचं टिंब टोपीसारखं पुढे उडू दिलं,
पण फार नाही, हाताशी येईल इतपत.

उस्तादांनी रेघेवरून बोट फिरवलं.
सगळं एका दोरीवर? दोरी तुटली तर?
म्हटलं, गुजराती होतं.
त्यांना कळलं नाही. कुंजुमोन मात्र हसला,
त्यालाही कळलं नसणार.

रोडेलने शिडीवर चढून बोर्ड लावला.
दिवे लागले तेव्हा ळचं एक पोट अंधारात.
साटम म्हणाले, राहू द्या हो,
उपाशी आहे म्हणून तर इकडे आलंय.
दुसऱ्या दिवशी वायर बदलली.

काल कंपनीच्या बसमधून त्या वळणावरून गेले.
बाजूची झोपलेली, तिचं डोकं माझ्या खांद्यावर
साधारण बारा अंश.
पोळीभाजी के
एवढंच वाचून झालं आणि बस वळली.
टिंब दिसलं होतं का, ते आठवत नाही.